पोराची पारख झाली, पारख करणाराची कधी?

केंद्र सरकारनं २०२३ साली एनसीईआरटीच्या पोटात एक नवं खातं काढलं. नाव ठेवलं 'परख'. हिंदीतली परख म्हणजे आपली पारख. सोनार सोन्याची करतो, दलाल बाजारात बैलाची करतो, तीच. या परखनं ४ डिसेंबर २०२४ रोजी देशभर सर्वेक्षण केलं. ७८१ जिल्हे, ७४,२२९ शाळा, तिसरी-सहावी-नववीची मिळून २१ लाख १५ हजार पोरं. जुलै २०२५ मध्ये निकाल बाहेर आला. त्यात लिहिलंय की तिसरीतल्या ५५ टक्के पोरांनाच ९९ पर्यंतचे आकडे चढत्या-उतरत्या क्रमानं लावता येतात. सहावीतल्या ५३ टक्के पोरांनाच दहापर्यंतचे पाढे येतात. वर्तमानपत्रांनी मथळे केले. दोन दिवस हळहळले. तिसऱ्या दिवशी क्रिकेट.

मला या सरकारी संशोधनाची समीक्षा करायची आहे. कवितेची करतो तशीच. कविता हातात आली की आपण विचारतो: ही कुणासाठी लिहिली? यात बोलतंय कोण? आणि गप्प कुणाला बसवलंय? सरकारी अहवालाला हे तीन प्रश्न का विचारू नयेत? तोही कुणीतरी खुर्चीत बसून लिहिलेला मजकूरच आहे. आणि तो आपल्या पोरांवर लिहिलाय, आपण साबणाच्या वडीवर जो कर भरतो त्या पैशानं लिहिलाय. मग आपण त्याचे वाचकही आहोत आणि मालकही. पण आपल्याला आजवर दोन्ही होऊ दिलेलं नाही.

पहिला प्रश्न. कुणासाठी?

पोरांनी पेपर सोडवला मराठीत. देशाचा अहवाल आला इंग्रजीत. इथंच उत्तर मिळालं. ज्या बाईंच्या वर्गात पेपर वाटले गेले त्या बाईंना तो वाचायला जड. ज्या आईचं पोरगं पेपराला बसलं तिच्यापर्यंत तर तो पोचणारच नाही. आता वेळ बघा. परखच्या आधीचं राष्ट्रीय सर्वेक्षण झालं १२ नोव्हेंबर २०२१ ला. करोनात शाळा बंद राहिल्यावर, १ लाख १८ हजार शाळांतल्या ३४ लाख पोरांवर. अहवाल आला मे २०२२ मध्ये. तोवर वर्ष संपलं होतं. तिसरीचं पोर चौथीत, पाचवीचं सहावीत. परखचंही तेच. डिसेंबरात मोजलं, निकाल पुढच्या जुलैत. ज्या पोराला आकडे लावता येत नव्हते त्याच्यासाठी त्या वर्षात कुणी काय केलं? काही नाही. त्याला तर कळलंसुद्धा नाही.

यावर शहाणा माणूस म्हणेल, अरे बाबा, हे नमुना सर्वेक्षण असतं. प्रत्येक पोराचा निकाल द्यायला ती काय घटक चाचणी आहे? बरोबर आहे. शितावरून भाताची परीक्षा करायची असते, अख्खं पातेलं चिवडायचं नसतं. जिल्ह्याचा, राज्याचा अंदाज घ्यायला अशी सर्वेक्षणं लागतात, त्याला माझा विरोध नाही. पण शीत कच्चं निघालं तर पुढं काय करायचं? चुलीत जाळ आहे का बघायचं, पाणी किती घातलं ते बघायचं. आमचे विद्वान पुन्हा दुसरं शीत दाबून बघतात. २०१७ ला दाबलं, २०२१ ला दाबलं, २०२४ ला दाबलं. जाळाकडं कुणी बघत नाही.

सूतगिरणीत काम करणाऱ्याला हे लगेच कळतं. सूत सारखं तुटायला लागलं की जॉबर सुताला शिव्या देत नाही. तो खात्यातला दमटपणा बघतो, चाती बघतो, कापसाचं मिश्रण बदललंय का विचारतो. सुताची तपासणी होते ती यंत्र दुरुस्त करायला. सुताचा नंबर काढून भिंतीवर लावला आणि घरी गेलो, असं कुठल्या गिरणीत चालत नाही. शिक्षण खात्यात चालतं.

दुसरा प्रश्न. बोलतंय कोण?

२०२१ च्या अहवालात सरासऱ्या सामाजिक गटवार दिल्या होत्या. अनुसूचित जाती, जमाती, इतर मागास, सर्वसाधारण. चांगलं केलं. जात लपवून बरोबरी येत नाही. पण तो तक्ता कसा वाचला जातो बघा. 'अनुसूचित जातीची मुलं मागे आहेत.' बस. जणू मागे असणं हा पोराच्या रक्ताचाच गुण. मागे ठेवलं कुणी, हे त्या वाक्याच्या व्याकरणातच नाही. वाक्यात कर्ता पोरगं आहे. व्यवस्था कर्त्याच्या जागेवरून अलगद पसार झालीय. ही भाषा बोलणारा माणूस कुठल्या आळीतून आलाय हे त्याचं आडनाव न बघताही ओळखता येतं.

या देशात सरकारी शैक्षणिक चौकशीला खरे प्रश्न विचारणारे दोन बाप आपल्याकडं होऊन गेले. दोघांनीही आकडे मानले, पण आकडे सांगणाराला सोडलं नाही.

१८८२ साली हंटर कमिशन आलं. तेव्हा जोतीराव फुल्यांनी १९ ऑक्टोबरला पुण्याहून निवेदन लिहिलं. त्यांनी हिशेबच मांडला: सारा भरतो कष्टकरी, आणि त्या पैशानं उच्च शिक्षण घेतात वरचे. बाराव्या वर्षापर्यंतचं प्राथमिक शिक्षण सक्तीचं करा म्हणाले. पण त्याच निवेदनात तपासणीबद्दल ते काय म्हणतात हे आपली पोरं फार वाचत नाहीत. वर्षातून एकदा इन्स्पेक्टर येऊन जातो त्याचा फारसा उपयोग नाही, दर तिमाहीला तरी तपासणी करा, आणि मधेमधे न कळवता शाळेत जा, असं त्यांनी सुचवलं. न कळवता! आज तारीख महिनाभर आधी जाहीर होते. निकालावर अनुदान देण्याची पद्धत तेव्हा होती. अडाणी ठेवलेल्या गोरगरिबांत शिक्षण पसरवायला ती लायक नाही, हेही त्यांनी तिथंच सांगितलं. कारण साधं आहे. निकालावर पैसे मिळणार असतील तर मास्तर आधीच शिकलेल्या घरच्या पोराकडं वळणार. आज पैशाऐवजी क्रमांक आहे. आपला जिल्हा कितवा, आपलं राज्य कितवं. क्रमांकाच्या मागं धावणारी शाळा कुठल्या पोरावर मेहनत घेईल आणि कुठल्या पोराला त्या दिवशी घरी थांब म्हणेल, हे सांगायला पंडित लागत नाही.

दुसरे बाबासाहेब. १२ मार्च १९२७. मुंबईच्या कायदे कौन्सिलात शिक्षणाच्या अनुदानावर ते बोलले. पुढं आठ दिवसांनी, २० मार्चला, त्यांनी महाडला चवदार तळ्याचं पाणी ओंजळीत घेतलं. तळ्याची गोष्ट आपण दरवर्षी सांगतो. आठ दिवस आधीचं भाषण सांगत नाही. त्यात त्यांनी हिशेब मांडला की प्राथमिक शाळेत आलेल्या शंभर पोरांपैकी चौथीपर्यंत पोचतात फक्त अठरा. बाकीची ब्याऐंशी पुन्हा निरक्षरांत जमा. मग खर्च कशावर झाला? आणि शिक्षण खात्याचेच आकडे घेऊन त्यांनी समाजाचे चार थर समोर ठेवले. पुढारलेल्या हिंदूंत हजारी ११९ पोरं प्राथमिक शाळेत, मागासवर्गात हजारी १८. लोकसंख्येत आपला नंबर दुसरा, शिक्षणात चौथा. हे आकडे सरकारचेच होते. बाबासाहेबांनी ते उचलून सरकारलाच पिंजऱ्यात उभं केलं. पुढच्या वर्षी, २९ मे १९२८ ला, बहिष्कृत हितकारिणी सभेतर्फे सायमन कमिशनला शिक्षणावर जे निवेदन दिलं, त्यातही हाच बाणा. १८५६ साली धारवाडच्या सरकारी शाळेत महार पोराला प्रवेश नाकारला, तिथपासूनचे कागद त्यांनी काढले.

मित्रांनो, याला म्हणतात संशोधन. शंभरातले अठरा कुठं पोचले हे विचारताना बाबासाहेब ब्याऐंशींच्या मागं गेले. आत आलेल्या पोराचं पुढं काय झालं, ही त्यांची मोजपट्टी होती. आजचं सर्वेक्षण त्या दिवशी हजर असलेलं पोर मोजतं. जे ऊसतोडीला आईबापाबरोबर गेलं, जे वीटभट्टीवर आहे, जी पोरगी सातवीनंतर धाकट्याला सांभाळायला घरी बसली, ती त्या दिवशी बाकावर नसतात. बाकावर नाही म्हणजे सरासरीत नाही. सरासरीत नाही म्हणजे देशात नाही.

तिसरा प्रश्न. गप्प कोण?

शाळांची सगळी माहिती सरकार दरवर्षी 'यूडायस' नावाच्या नमुन्यात भरून घेतं. खोल्या किती, पंखे आहेत का, नळ आहे का, संडास किती आणि चालू किती. पोरांची जातवार संख्यासुद्धा आहे. २०२२-२३ पासून तर एकेका पोराची नावानिशी नोंद. पण संडास कुठल्या आळीतलं पोर घासतं, याला रकाना नाही. मागच्या बाकावर कायम कोण बसतं, याला रकाना नाही. पाण्याच्या पिंपाला कुणाच्या हातानं हात लागला की कुजबूज होते, खिचडी शिजवणारी बाई आपल्या वस्तीतली असली की किती घरांतून डबा येतो, स्कॉलरशिपचं नाव घेऊन वर्गात कुणाला उभं केलं जातं, याला रकाना नाही. रकाना नाही म्हणजे अशी गोष्ट घडतच नाही, असा सरकारी तर्क.

हे विचारता येत नाही असं कुणी म्हणू नये. इंडियन इन्स्टिट्यूट ऑफ दलित स्टडीजनं पाच राज्यांतल्या ५३१ गावांत जाऊन पोषण आहार आणि रेशन दुकानातला जातिभेद तपासला, आणि २००५ साली सुखदेव थोरात आणि जोएल ली यांनी तो लेख छापला. आहाराच्या स्वयंपाकिणी नेमताना दलित-आदिवासींना प्राधान्य द्या, असा आदेश सर्वोच्च न्यायालयानं २० एप्रिल २००४ ला दिलेला आहे. तो किती शाळांत पाळला जातो हे एका रकान्यात कळेल. सरकारलासुद्धा जमतं. दिल्लीच्या एम्समध्ये अनुसूचित जाती-जमातीच्या विद्यार्थ्यांना कसं वागवतात हे तपासायला केंद्रानं थोरातांचीच समिती नेमली, २००७ ला तिचा अहवाल आला. तिनं विद्यार्थ्यांनाच विचारलं: मास्तर तुमच्याशी कसे वागतात, होस्टेलात काय होतं? मेडिकल कॉलेजात जो प्रश्न विचारता येतो तो पहिलीच्या वर्गात का नको? तिथं पोचायच्या आधीच आपली बरीच पोरं गळून गेलेली असतात.

आता नवी घोषणा आलीय. संशोधन आधुनिक करायचं. म्हणजे काय तर टॅब्लेट, पडद्यावर रंगीत आलेख, विद्या समीक्षा केंद्र, प्रत्येक पोराला बारा आकडी ओळख क्रमांक. यंत्राला माझा विरोध नाही, यंत्रावरच माझं पोट आहे. पण यंत्र कुणाच्या बाजूनं चालतं हे आम्हाला बघावं लागतं. २०२३ साली महाराष्ट्रात याच आकड्यांवरून वीसपेक्षा कमी पट असलेल्या १४,७८३ शाळा शोधून काढल्या, आणि त्यांच्या जागी 'समूह शाळा' करायचा विचार खात्यानं पुढं आणला. बघा, शोधायचं म्हटलं की किती चटकन सापडतं! पण या शाळा आहेत कुठं? डोंगरात, तांड्यावर, पाड्यावर, गावाबाहेरच्या वस्तीत. पहिली ते पाचवीची शाळा एक किलोमीटरच्या आत हवी असं शिक्षणहक्काच्या नियमात लिहिलंय. आठ वर्षांची पोरगी ओढा ओलांडून मोठ्या गावच्या शाळेत जाईल की घरी बसेल, याचं संशोधन आधी झालं का? पट मोजला, ओढा मोजला नाही.

मग खरं आधुनिक संशोधन कसं असतं? आपल्याच मुंबईतलं उदाहरण घ्या. २००१ नंतरच्या दोन-तीन वर्षांत महापालिकेच्या शाळांत 'बालसखी' म्हणून प्रयोग झाला, बडोद्यातही झाला. तिसरी-चौथीतली मागं पडलेली पोरं रोज दोन तास बाजूला घ्यायची आणि वस्तीतल्याच शिकलेल्या पोरीनं त्यांना शिकवायचं. काही वर्गांत बालसखी दिली, काहींत दिली नाही, आणि दोन्हींची तुलना केली. फरक पडला. सगळ्यात मागच्या पोरांना सगळ्यात जास्त पडला. कार्यक्रम थांबल्यावर वर्षभरात ती वाढ बरीच ओसरली, हेही त्यांनी लपवलं नाही. मला हे काम आवडतं, कारण ते कशानं फरक पडतो हे विचारतं. पण समीक्षा इथंही करायचीच. त्या बालसखीला महिना पाचशे ते साडेसातशे रुपये मिळत. हा प्रयोग करणाऱ्यांतल्या दोन प्राध्यापकांना पुढं २०१९ चं अर्थशास्त्राचं नोबेल मिळालं. वस्तीतली पोरगी एवढी गुणाची होती तर तिला कायमची मास्तरीण का केली नाही, हा प्रश्न कुठल्या प्रयोगात येणार?

म्हणून मोजपट्टी कुणाच्या हातात, हाच मुद्दा आहे. बहुतेक जिल्ह्यांत सरकारची 'डायट' संस्था आहे. १९८६ च्या शैक्षणिक धोरणातून ती आली, संशोधन हे तिचं ठरलेलं काम आहे. त्या संशोधनाचा विषय वस्तीच्या सभेतून का ठरू नये? बार्टीसारखी संस्था बाबासाहेबांच्या नावानं चालते, आणि तिच्या फेलोशिपसाठी आपल्या पोरांना २०२३ मध्ये आझाद मैदानात बसावं लागलं. आपली पोरं संशोधक होऊ नयेत, आपली पोरं संशोधनाचा विषयच राहावीत, असंच यांना वाटतं की काय?

मागण्या थोडक्यात मांडतो. यावर प्रत्येक वस्तीत चर्चा व्हावी.

सर्वेक्षणाचा अहवाल मराठीत यावा, आणि तेच शैक्षणिक वर्ष संपायच्या आत यावा. एक पान का असेना, पण ते प्रत्येक शाळेत वाचलं जावं.

पहिलीत आलेली तीच पोरं दहावीपर्यंत मोजावीत, तालुकावार, जातवार. गळालेलं पोर कुठं गेलं याची नोंद व्हावी. बाबासाहेबांची मोजपट्टी हीच होती.

शाळेच्या माहितीत भेदभावाचे रकाने घालावेत, आणि ते हेडमास्तरनं नव्हे तर पालकांनी आणि बाहेरच्या माणसांनी भरावेत. फुल्यांनी सांगितलं तसं, न कळवता येऊन.

कुठलीही शाळा बंद करण्याआधी तिथल्या पोरांचं पुढं काय होईल याचा अभ्यास करावा आणि तो गावसभेपुढं ठेवावा.

मागण्या करून घरी जायचं नाही. आपल्या चळवळीनं आकडा फार दिवस दुसऱ्यांच्या हाती ठेवलाय. आपण पुतळा मागतो, नामांतर मागतो, ते मागायलाच हवं. पण आपल्या वस्तीच्या शाळेत सातवीत किती पोरी आहेत हे दहा कार्यकर्त्यांना विचारा, किती जण सांगतील? शाळेचा यूडायस क्रमांक अकरा आकडी असतो. तो टाकला की शाळेची माहिती मोबाईलवर दिसते. ती काढा. मग शाळेत जा आणि पडताळा. कागदावर नळ आहे, तिथं पाणी आहे का? कागदावर शिक्षक दोन, वर्गावर किती?

आणि शाळा व्यवस्थापन समितीत घुसा. शिक्षणहक्क कायद्याचं एकविसावं कलम सांगतं की समितीत तीन चतुर्थांश पालक हवेत, निम्म्या बाया हव्यात, आणि दुर्बल-वंचितांच्या पालकांना त्यांच्या प्रमाणात जागा हव्यात. बऱ्याच गावांत ही समिती फक्त सहीपुरती असते, सही कुणाची ते सांगायला नको. आपल्या आयांना तिथं बसवा. त्यांच्यापुढं पोरांचे आकडे मोठ्यानं वाचा. ज्या बाईनं आयुष्यभर मजुरीचा हिशेब बोटांवर ठेवला तिला ५५ टक्के म्हणजे काय हे समजावून सांगायला दहा मिनिटं लागतात. एकदा समजलं की ती जो प्रश्न विचारेल तो परखच्या कुठल्याच पेपरात नसेल: "मग उरलेल्या पंचेचाळीस पोरांना शिकवायचं काम कुणाचं होतं?"

जोवर सरकारी संशोधन या बाईला उत्तर देत नाही तोवर ते कितीही नवं यंत्र आणो, जुनंच आहे. आणि तिला उत्तर मिळेपर्यंत तिच्या शेजारी बसून राहणं हे आपलं काम आहे.

जय भीम.